पूर्ण बाह्यांचा झगा

हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते, आणि ती वाटत राहावी. माझी धाकटी मुलगी ईश्वरी हिला जन्मापासून डाऊन सिंड्रोम आहे. ती अडीच वर्षांची असताना तिच्या अंगावर निळे डाग उमटू लागले. ताप येऊन जायचा, चेहरा फिकट दिसायचा. अशी मुलं पडतात, अशक्त असतात, असं मी ठरवून टाकलं. भवानी पेठेतल्या आमच्या बोळात लोक म्हणतील, हे लेकराला मारतात. म्हणून श्रावणाच्या उकाड्यातही बायकोला सांगून ईश्वरीला पूर्ण बाह्यांचा झगा घालायला लावला. डॉक्टरांकडे नेण्याऐवजी डागांवर विभूती लावली.

अशाच एका सोमवारी तिला घेऊन सिद्धेश्वराला गेलो. ताप उतरावा म्हणून नवस बोलायचा होता. देवळाबाहेर बांगड्यांच्या गाड्यापाशी ती हटून बसली. बांगडीवाल्या मावशींनी तिचा हात धरला, बाही वर सारली आणि थांबल्या.

“कुणी मारलं वो हिला?”

“पडते ती. अशीच आहे जरा.”

“पडल्यालं गुडघ्यावर दिसतंय की. दंडाच्या आतनं कसं लागंल? आमी रोज हातच बघतो, दादा. असा पांढरा पडल्याला हात बरा न्हाय. देव कुटं जात न्हाय. आधी रगत तपासा जावा.”

मला रागच आला. तरी दर्शन न घेता दवाखान्याकडे वळलो; का, ते आजही सांगता येत नाही. संध्याकाळी रक्ताचा अहवाल आला, आठवड्यात निदान पक्कं झालं. रक्ताचा कर्करोग. डॉक्टर म्हणाले, लहान वयात या मुलांना त्याचा धोका इतरांहून पुष्कळ जास्त असतो. तिच्या प्रकाराला औषधं चांगली लागू पडतात, पण ती सोसणं अवघड. धोक्याचं हे तिच्या जन्माच्या वेळीच मला सांगितलं होतं. फाईलमध्ये लिहिलेलंही होतं. ती फाईल मी पुन्हा उघडलीच नव्हती.

सगळे उपचार सोसून ईश्वरी आता पळते, भांडते. मावशींना शोधून पाया पडलो. त्यांना काही आठवत नव्हतं. “बरी हाय न्हवं? मग बास की,” म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

कुणी याला योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. त्या दिवशी मी मुलीसाठी देवाकडे निघालो होतो, असं सांगत आलो. खरं तर लोकांच्या तोंडाला भिऊन निघालो होतो. तरीही त्याने मला हाकलून दिलं नाही, वाटेतच अडवलं. पुढच्या तपासणीत काय निघेल, ते त्याच्या पायाशी ठेवलं आहे. तिला वेळेवर तपासणीला नेणं माझं काम. तेवढं चुकू नये, एवढंच मागतो.