धनेशची चिप आणि काशीकाकीची विहीर

शाळेत धनेशच्या हातून एकही काचनळी धड राहिली नाही. तोच धनेश आता कॉलेजच्या रसायनशाळेत मदतनीस आहे, यावर आमच्या मास्तरांचा अजून विश्वास बसलेला नाही. तिथल्या थ्रीडी प्रिंटरवर तो काडेपेटीएवढ्या पारदर्शक चिपा छापतो. चिपेच्या पोटात सुईएवढ्या बारीक वाटा. एकीतून विहिरीचं पाणी सोडायचं, दुसरीतून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब. दोघं भेटतात तिथे पाणी दुधाळ झालं, तर त्यात मीठ आहे. देवबागात एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र. तिथे हे कळणं म्हणजे खेळ नव्हे.

मे महिन्यात त्याने काशीकाकीची विहीर तपासली. चिप पांढरीफट्ट.

"काकी, ह्या पाणी पियाचा नाय."

"नक्की रे?"

"नक्की."

काकी सत्तरीची, घरात एकटी. ही विहीर, तिच्या बोलीत बाव, नवऱ्याने म्हणजे हरिश्चंद्रकाकांनी स्वतः खणलेली. मुंबईहून मुलाचा, विनीतचा, फोन आला: बुजवून टाकू, पाहुण्यांच्या गाड्या तरी लागतील. सोमवारी मातीचा डंपर ठरला.

रविवारी सकाळी ओळीने सातवी विहीर खारट निघाली, तेव्हा धनेशला शंका आली. त्याने कोऱ्या चिपेत डिस्टिल्ड पाणी सोडलं. त्यात मीठ नसतंच. तेही दुधाळ झालं.

दमट हवा लागू नये म्हणून तो चिपा आपल्या घरच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायचा. बरणी खाऱ्या बांगड्याची. घासूनपुसून घेतलेली, पण झाकणाच्या आट्यांत मीठ तसंच.

"म्हणजे सात विहिरींचो नाय, एका बांगड्याचो रिपोर्ट दिलंस," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्याने उरलेल्या चिपा धुतल्या आणि आम्ही तडक देवबाग गाठलं. काकी पंचायतीच्या नळावरून कळशी घेऊन येत होती. धनेशने हात पुढे केला, तिने कळशी दिली नाही. अंगणात उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं, बरणीसकट.

"आठ दिवस कळशी घेवन हिंडतंय," ती म्हणाली. "माका तर पाणी गोडाच लागायचा. म्हटलं, आता जीभय म्हातारी झाली."



धनेशने धुतलेली चिप काढली. आधी डिस्टिल्ड पाणी: स्वच्छ. मग विहिरीचं. दोन्ही वाटा मिळतात तिथे धुरासारखी हलकी पांढरी रेघ उमटली. ती त्याने छटांच्या छापील पट्टीशी बराच वेळ ताडून पाहिली.

"पियाक चलतला, काकी. पण थोडो खार शिरलोहा. दर महिन्याक बघूक व्हया."

काकीने विहिरीवरून पाणी काढलं. पहिला तांब्या त्याच्या हातात दिला. तो पिऊन होईस्तोवर ती बघत राहिली, मग स्वतः प्यायली आणि फोन लावला.

"विनीत, उद्या डंपर नको. बाव बरी आसा."

अंगणाच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, बाहेर आल्यावर धनेश म्हणाला, "आता सावित्रीकाकीकडे." अजून सहा अंगणांत त्याला हे पहिल्यापासून सांगायचं होतं.