जनाताईची हजेरी

जनाताई गेली. आज सकाळी, चहा गाळता गाळता.

तिच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "अगं, काल तर बोललो आम्ही."
तेच पुन्हा म्हणाले. काल बोललेलं माणूस आज जाऊच शकत नाही, असं काहीतरी.

काल तिने मला एक काम सांगितलं होतं. मी ते पुढच्या आठवड्यावर ढकललं.

सकाळपासून डोळ्यांसमोर नव्वदच्या दशकातली एक दुपार आहे. दिवाळे गावाच्या खाडीकाठी आम्ही दोघी वाकून शिंपल्या वेचतोय. तिचा पदर खोचलेला, माझ्या एका हातात सँडल्स.
"फुटकी नको, टीचर. पोरांची बोटा कापतील."

बेलापूरच्या बालवाडीत मी टीचर, ती मदतनीस.
मी कॉन्व्हेंटची, नर्सरी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट नवंकोरं. ती चौथी पास, दिवाळे गावातली.

माझ्याकडे डॅफोडिल्सचे चार्ट होते. तिच्याकडे पत्र्याची एक ट्रंक. काड्यापेट्या, बाटल्यांची झाकणं, जुन्या जाळ्याचे तुकडे.
मला तो कचरा वाटायचा. खरं सांगते.

हजेरी ती शिंपल्यांवर घ्यायची. प्रत्येक मुलाची एक शिंपली, त्यावर स्केचपेनने त्याची खूण. कुणाची होडी, कुणाचा ट्रक. मंगलचे वडील साताऱ्याहून आलेले, कांद्याच्या मार्केटमध्ये हमाल. तिची खूण कांदा.
आल्यावर ताटातली आपली शिंपली शोधायची आणि टोपलीत टाकायची. ताटात उरेल तो आज आला नाही.
तीन वर्षांची पोरं, अक्षर येत नाही, पण स्वतःला बरोबर शोधायची.

एकदा सुपरवायझर मॅडम येणार होत्या. शिंपल्यांना वास येतो म्हणून आदल्या दिवशी मी त्या साबणाच्या पाण्यात भिजवल्या. घासल्या. पांढऱ्याशुभ्र केल्या.

सकाळी मुलं ताटाभोवती उभी. कुणी हात घालेना.
मंगल म्हणाली, "माजी न्हाई यात. मंग म्या आले न्हाई व्हय?"
आणि रडायला लागली. तिचं बघून सगळा वर्ग.

मॅडम दारात.

जनाताई ट्रंक घेऊन खाली बसली. "या रं सगली. टीचरनं तुमाला आंगोल घातली, आता कापडा घाला."
पोरं रडता रडता हसली. स्केचपेनं वाटली गेली. प्रत्येकाने आपापली खूण पुन्हा काढली, वाकडीतिकडी.
मॅडमनी रिपोर्टात लिहिलं: ॲक्टिव्हिटी उत्तम. टीचर कल्पक.

मी तो रिपोर्ट दुरुस्त केला नाही.
ती एवढंच म्हणाली, "मला एक डाव इचारायचा ना, टीचर."

मग मी विचारायला लागले. पुढे मीच बालवाडीच्या शिक्षिकांची ट्रेनिंग्ज घेतली. हे वाचणाऱ्या तुमच्यातल्या कित्येकजणी तिथे होतात. 'लो-कॉस्ट टीचिंग एड्स' म्हणून तुम्ही वहीत उतरवून घेतलंत ते सगळं त्या ट्रंकेतलं होतं.
माझ्या एकाही स्लाइडवर तिचं नाव नव्हतं.

काल ती म्हणाली, "घर पाडतान, टीचर. बिल्डिंग होतंय. ट्रंक घेऊन जा, नायतर पोरगा भंगारात देल. नव्या बायांना वाटा."
"पुढच्या आठवड्यात नक्की येते."
"बघा हा. मी काय तुमची वाट बघत बसनार नाय."
दोघी हसलो.

आज दुपारी तिला पोचवून आल्यावर ट्रंक घरी आणली. हॉलमध्ये उघडी आहे. वाटणी आजच करते. पुढचा आठवडा नको.

काड्यापेट्यांची आगगाडी रबाळ्याच्या अंगणवाडीतल्या ताईंना. त्यांची मुलं कारखान्यांच्या मागच्या चाळीतली, खेळायला जागा नाही.
झाकणांची माळ आणि जाळ्याच्या तुकड्यांवरचे अंक उलव्याला, तिथल्या बालवाडीच्या शीतलकडे. शीतल, तूच येऊन ने.
मोज्यांच्या बाहुल्या चार आहेत. ज्यांच्या वर्गात अजिबात न बोलणारं मूल असेल, त्यांनीच मागा.
शिंपल्या कुणालाही नाहीत. त्या ज्याच्या त्याच्या. बेलापूरच्या बालवाडीत होतात ना, तर आपली खूण मला सांगा, मी शोधून देते. मंगल, कुठे असशील तिथून कळव.

जनाताई, नीट जा.

आणि या वस्तू वर्गात पाहून कुणी विचारलं, तर ट्रेनिंगमध्ये मिळाल्या असं सांगू नका. जनाताईने दिल्या, म्हणा.