दोन बोटं दुमड

सुरंगीच्या गजऱ्याचा वास आला की मला तोंडवलीच्या त्या पडवीतली दुपार आठवते. सुरूच्या बनापलीकडे समुद्र झोपेत कूस बदलावी तसा हलत होता. जन्मतःच गेलेल्या बाळांसाठी आम्ही काही बायका जुन्या, मऊ लुगड्यांची झबली शिवायचो. ट्रंकेत सुरंगी ठेवलेली असायची, तिचा वास कापडाला असायचा. एकाच कापडाची दोन झबली, एक बाळाच्या अंगावर घालायला आणि एक आईजवळ राहायला. त्या दिवशी एका बाळाचा बाप झबली न्यायला पडवीसमोरच्या खळ्यात, अंगणात, थांबला होता. मी इस्त्री फिरवताना पाहिलं, तर आमच्यातल्या म्हाताऱ्या काकींनी दोन्ही झबल्यांना आतून दोन बोटं दुमड ठेवली होती, मूल वाढलं की सोडायला ठेवतात तशी. मी विचारलं, तशा त्या म्हणाल्या, "वाढत्या अंगाक लागता म्हणान ठेवलंय गो," आणि बोलता बोलताच थांबल्या. मग त्यांनी कात्री मागितली. तेवढ्यात बाप पायरीशी आला. त्याने ती दुमड बोटांनी चाचपली आणि हळूच म्हणाला, "उसवू नकात, काकी. आसांदे ती." आता काकींच्या जागेवर मी बसते, आणि एकही झबलं दुमडीशिवाय शिवत नाही.