कागदावरचा गोठा

आमच्या गावात कर आकारणीचा कागद कळणारा माणूस म्हणजे मी, असा माझा समज होता. शाळेत शिकवत होतो, नियम वाचायची हौस होती, आणि पंचायतीची नोटीस आली की अर्धा गाव ती घेऊन माझ्या ओट्यावर यायचा. कौलारू घराला कोणता दर, स्लॅबच्या घराला कोणता, गाडीचा कर आरटीओत आणि घराचा पंचायतीत का, हे मी चहा पिता पिता समजावून सांगायचो. शहाणपणा मिरवायला मला फार आवडायचं.

आत्या तरुणपणी नवरा वारल्यावर अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या आमच्या घरी परत आली आणि मागच्या खोलीत चाळीस वर्षं राहिली. दर चार वर्षांनी घरांची नव्याने आकारणी होते. त्या खेपेला तिला कुणीतरी सांगितलं की यादीत 'भोगवटादार' असा एक रकाना असतो आणि जागेत जो राहतो त्याचं नाव तिथे लिहितात.

"एवढ्या वर्षांत माजं नाव कशावरच न्हाई लागलं," ती मला म्हणाली. "त्या रकान्यात लागतंय का बघ रं."

मी बघतो म्हणालो. मापं घ्यायला माणसं येणार म्हणून तिने आदल्या दिवशी खोली सारवून ठेवली.

पंचायतीचा शिपाई टेप आणि वही घेऊन आला. मागच्या खोलीपाशी येऊन त्याने विचारलं, "सर, ही राहती खोली का?" खोलीच्या भिंतीला लागून आमच्या दोन गाई बांधलेल्या होत्या. राहत्या खोलीपेक्षा गोठ्याला कर कमी, हे मला पाठ. पटकन तोंडातून निघून गेलं, "गोठ्यातच धरा." त्याने लिहिलं आणि भोगवटादाराचा रकाना रिकामाच सोडला. आत्या त्याच्यासाठी चहाची कपबशी घेऊन दारात उभी होती. तिला ऐकू गेलं नसेल, असं मी ठरवून टाकलं.

यादी पंचायतीच्या भिंतीवर लागली. आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने ती शिपायाकडून वाचून घेतली. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी तिने विचारलं, "मला गोठ्यात धरलं व्हय रं?"

"अगं आत्या, कागदावरच आहे ते," मी म्हणालो. "हरकत घेता येते. मुदत आहे अजून."

मुदत खरंच होती. पंचायत घरापासून पाच मिनिटांवर. शाळेच्या परीक्षांची गडबड होती, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरी गोष्ट वेगळी होती. माझं मीच सांगितलेलं चूक आहे, असं लिहून द्यायला मला कमीपणा वाटत होता. मुदत निघून गेली.

आत्या भांडली नाही. शेजारीण आली की म्हणायची, "या, गोठ्यात बसा." सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि आज मला सगळ्यात जास्त लाज त्या हसण्याची वाटते.

तिसऱ्या वर्षी, भातलावणीच्या दिवसांत ती गेली. पुढच्या वर्षी पुन्हा मापं घ्यायला तोच शिपाई आला. जुनी वही बघत म्हणाला, "हा गोठाच ना सर?"

"राहती खोली लिहा."

"कर वाढंल."

"वाढू द्या."

त्याने लिहिलं आणि पेन पुढच्या रकान्यावर धरलं. "ऱ्हातं कोन?"

आत भाताची पोती होती आणि माझी जुनी सायकल. आत्याचं नाव जिभेवर आलं. पण गेलेल्या माणसाचं नाव त्या रकान्यात लागत नाही, हे मीच गावाला सांगत आलो होतो. शिपाई वाट बघत होता.

"माझं लिहा," मी म्हणालो.