आधी वाचू, मग रडू

मामी गेल्याचे मला पोस्टकार्डाने कळले. मामाच्या हातचे ते कार्ड शिरड शहापूरहून सिकंदराबादला पोहोचले तेव्हा तिला जाऊन अकरा दिवस झाले होते. संस्थानातल्या धामधुमीमुळे या वर्षी टपालाचा भरवसा नव्हताच. "तुझी मामी गेली. चार दिवस ताप होता. तार करता आली नाही. आपल्या घरी तार लिहिणारी तीच होती," एवढाच मजकूर. मी जिन्यातच बसून राहिले. वडिलांनी वरून दोनदा हाक मारली, पण मला ओ देता आली नाही... गप्प बसणे ही माझी जुनीच सवय. ती मोडायला मामी बारा-तेरा वर्षे झटत होती.

तिला मी पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझी शाळा इंग्रजी, घरी नोकरमाणसांशी बोलायची भाषा दख्खनी, आणि मराठी फक्त आईपुरती. उन्हाळ्यात आजोळी गेले की मी खांबाआड उभी राहून सगळ्यांकडे बघत असे. त्या वर्षी मामी खांबाआडच मला शोधत आली. पदराच्या गाठीतून तिने चौघडी केलेला एक कागद काढला. "तुला विंग्रजी येतं न्हवं? वाच."

ती तार होती. मी वाचली, "मदर सीरियस. स्टार्ट इमिजिएटली."

"याच्यात आई जिती असल्याचं अक्षर कोनतं हाये, ते दाखव."

मला काही उमगेना. तिने मग शांतपणे सगळे सांगितले. आदल्या हिवाळ्यात ही तार जालन्याहून, तिच्या भावाकडून आली होती. गावात तार म्हणजे मरण, हे ठरलेलेच. तारवाल्याची सायकल दिसली की बाया ऊर बडवायला लागत, कागद कोणी उघडतही नसे. वाचणार कोण? आई भावाकडे आजारी होती, म्हणजे ती गेली, असे सगळ्यांनी धरले. मामी रडली, डोक्यावरून अंघोळ केली, आणि आता गेलेल्या माणसाकडे घाई काय, म्हणून राख सावडायच्या बेताने तिसऱ्या दिवशी चोंढीच्या स्टेशनावर गाडीत बसली. जालन्याला भाऊ दारातच म्हणाला, "आता आलीस व्हय? काल सांजपर्यंत वाट पाहून राहिली हुती ती."

"जित्या आईच्या नावानं मी अंघोळ केली, पोरी," मामी म्हणाली. "आता म्हाया घरातला कागद दुसऱ्यानं वाचायचा न्हाई, अन् न वाचता रडायचं बी न्हाई."

मी 'सीरियस' या शब्दावर बोट ठेवले. तिने ते बोट बाजूला केले आणि आपले ठेवले. तेव्हा ती चाळिशीला आलेली असेल. देवनागरी ती पोथीवरून शिकलेली होती, मोडी तिने मामाच्या खांद्यावरून बघून उचलली होती. मामाला हे माहीतही नव्हते. एकदा तिने त्याच्या पत्रातली चूक सांगितली, तेव्हा कळले. शिकवायला कोणी नसले तर कागदच शिकवतो, असे तिचे म्हणणे. मी माझे पहिलीचे चित्रांचे पुस्तक तिला दिले. ज्वारी निवडताना ती सुपात दाण्यांची अक्षरे मांडी. मामा ओसरीवरून टोमणे मारी, "भाकर करपून राहिली अन् ही ए बी शी करून राहिली. बालिष्टरीन व्हनार का काय?"

"बालिष्टरीन झाले तर तुमचाच खटला आधी चालवीन," ती आतून म्हणे.

पुस्तक संपल्यावर तिने पुन्हा तो कागद काढला आणि तिला एकही अक्षर ओळखता येईना. पुस्तकातली अक्षरे सुटी आणि ताठ, तारबाबूची पेन्सिलीने एकात एक गुंतवलेली. तिने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि हसली. "अगं, ही तर विंग्रजीची मोडी!" शाळेत आम्हाला ते वळण वर्षभर गिरवायला लावले होते, पण असे कोणी सांगितले नव्हते. मोडी येणाऱ्या बाईला ते पंधरा दिवसांत आले.

मी बारा वर्षांची असताना शेजारच्या चंद्रभागाकाकूंकडे तार आली. त्यांची लेक बाळंतपणासाठी परभणीच्या दवाखान्यात होती. आळीत रडणे सुरू झालेच होते. मामी पिठाचे हात तसेच घेऊन धावली. "थांबा गं! आधी वाचू, मग रडू." बाया चमकून गप्प झाल्या. मी तिच्या मागे, दाराच्या चौकटीला चिकटून. कागद मला दिसत होता, 'सन बॉर्न, बोथ वेल', आणि मला सगळे कळलेही होते. मामी एकेक अक्षर जुळवत होती. "सन... म्हंजे पोरगा. म्होरलं येत न्हाई मला. बोथ... दोघं." मग ती थांबली. तिचा आवाज बदलला. "वेल... विहीर."

माझ्याच पुस्तकात त्या शब्दापुढे विहिरीचे चित्र होते. कोणीतरी किंचाळले, "दोघं इहिरीत!" काकू मटकन खाली बसल्या. तेवढ्या माणसांत मी कधी बोललेच नव्हते. मामीने वळून माझ्याकडे पाहिले... मी कशीबशी म्हणाले, "वेल म्हणजे ठीक. मुलगा झाला. दोघे ठीक आहेत." मला दोनदा म्हणावे लागले. नंतर त्याच बाया पदराने डोळे पुसत साखर शोधायला लागल्या.

त्या दिवशी मामी जेवली नाही. सांजेला माझी वेणी घालताना म्हणाली, "मी बी तेच केलं. जित्या मानसाला मारलं." थोड्या वेळाने म्हणाली, "तुला पयल्यापासून येत हुतं. बोलली न्हाईस काहून?" तिने वेणीला हिसका दिला. गेला आठवडाभर ती 'नाइफ'मधल्या पहिल्या 'के' या अक्षरावर माझ्याशी भांडत होती. लिहायचे आणि म्हणायचे नाही, हे तिला मुळीच पटत नव्हते. "तू त्या अक्षरासारखी हाईस," ती म्हणाली. "हाईस, पन आवाज न्हाई."

शाळेत मला कोणी इतके बरोबर वाचले नव्हते.

त्यानंतर तिने एक वही केली. दोन अर्थांचे शब्द एका बाजूला, मुकी अक्षरे दुसऱ्या बाजूला. आणि मला अट घातली, की मी पत्र मराठीत लिहायचे, ती इंग्रजीत लिहील, आणि दोघींनी एकमेकींच्या चुका दुरुस्त करून परत पाठवायच्या. माझी पत्रे परत येत तेव्हा मूळ अक्षरांपेक्षा तिच्या खुणा जास्त असत. माझी चूक मुद्दाम ठेवलेली नाही ना, असा संशयही एकदा तिने घेतला होता. हा लेख ज्या मराठीत लिहिते आहे, ती त्या खुणांची आहे. यात राहिलेल्या चुका बघायला आता कोणी नाही, म्हणून मी तो चार वेळा उतरवून काढला.

पुढे गावाच्या ताराही तीच लिहू लागली. त्यांत तिची एक रीत होती. कोणी गेलेले नसेल, तर तारेची सुरुवात 'ऑल अलाइव्ह' अशीच व्हायची. हिंगोलीचे तारबाबू म्हणत, "बाई, हे दोन शब्द फुकट चालले." ती म्हणे, "राहू द्या. वाचनाऱ्यानं आधी श्वास घ्यावा." गेल्या वर्षभरात इकडे आड तिकडे विहीर अशी माणसांची गत झाली होती. कुठल्या गावाला काय झाले, कळत नव्हते. मामीची तार मात्र मी दारातच उघडत असे.

गाड्या सुरळीत झाल्यावर मी शिरड शहापूरला गेले. चौथ्या दिवशी दुपारी चंद्रभागाकाकू हातात तार घेऊन अंगणात आल्या. त्या रडत नव्हत्या, आळीतही कोणी रडत नव्हते. ओसरीपर्यंत आल्या आणि तिथे त्यांच्या लक्षात आले. "अगं माय... पाय आपसूकच इकडं आले बघ."

मी हात पुढे केला. आता मला बोलता येते.

"थांब, पोरी," मामा म्हणाला. त्याने काकूंच्या हातून कागद घेतला आणि कोनाड्यातून मामीची वही काढली. शेवटच्या पानांवर तिचे नव्हे, मोठे, मागे झुकलेले अक्षर होते. "मागल्या सालापासून मला बी शिकाया बसवलं हुतं तिनं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "कुनाला सांगू नको म्हनलो हुतो."

कागद उजेडाकडे धरून तो पहिल्या अक्षरावर बोट ठेवून बसला. मग दुसऱ्यावर. बराच वेळ गेला. मला तार दिसत होती, त्यात वाईट काही नव्हते. मी काकूंना तेवढे मानेनेच खुणावले आणि पुढचे त्याच्यावर सोडले. काकूंनी पदर सावरला, खांबाला टेकून त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "सावकाश वाचा, भाऊ. मी हाय बसून."