चपलांची तोंडं

"आधी चपला दे."

आमच्या निवारागृहात नवी मुलगी आली की अक्काचं पहिलं वाक्य हे. नाव नंतर, गाव नंतर. घरातून पळून आलेली, मार खाल्लेली, सोलापूर स्टेशनच्या बाकावर पोलिसांना सापडलेली पोर आधीच घाबरलेली असायची. त्यात चपला मागितल्यावर तिची खात्रीच पटायची की आता आपण इथे अडकलो.

अक्का त्या चपला घेऊन पायरीवर बसायची. दाभण आणि मेणदोरा तिच्या कमरेच्या पिशवीत कायमचे. उसवलेला पट्टा शिवायची, निखळलेला अंगठा बसवायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि दाराबाहेरच्या ओळीत मांडायची. तोंडं रस्त्याकडे.

"हे बघ बिड्डा, तयार हाय. जायचं तर नीट चपलेनं जा. पण जेवून जा की."

बिड्डा म्हणजे लेकरू, हे तेलुगू तिनेच मला शिकवलं. विणकरांच्या घरातली ती, आमच्याकडे स्वयंपाकाला होती आणि मी समुपदेशक. मुली मोकळ्या मात्र तिच्याजवळ व्हायच्या, त्या पायरीवर. तिची आमटी किती तिखट असायची यावर मी काही लिहिणार नाही, कारण ती अजून हयात आहे.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे अधीक्षिका, या प्रकाराने हैराण. मुली पळू नयेत म्हणून चपला कपाटात कुलूपबंद ठेवाव्यात असं त्यांचं मत, आणि ही बाई पळायची सोय करून देत होती! एकदा एक मुलगी खरंच गेली. बाईंनी अक्काला फैलावर घेतलं, पोलिसांत कळवलं, आम्ही सगळं गाव पालथं घातलं. दोन दिवसांनी मुलगी आपणहून दारात उभी, एक चप्पल पायात, एक हातात.

"अक्का, अंगठा तुटला."

अक्काने चष्मा लावून चप्पल उलटसुलट पाहिली. "दोरा कच्चा लागला गं. बस, शिवते." त्यानंतर बाईंनी चपलांचा विषय काढला नाही.

हे खूळ कुठून आलं, मी एकदा विचारलं. भाजी निवडता निवडता ती सहज बोलल्यासारखी बोलली. "लगीन झाल्यावर लई मार खाल्ला, ताई. एका दुपारी निघाले घर सोडून. मे महिना. चपला नव्हत्या. डांबर असलं तापलेलं, चौकातनंच परत फिरले. पाय भाजले म्हणून परत गेले बघा मी." पुढे कितीतरी वर्षं ती त्याच घरात राहिली.

मग माढ्याकडची एक मुलगी आली. सोळाची असेल. आईवडील नाहीत, चुलत्याकडे वाढलेली. "आधी चपला..." म्हणता म्हणता अक्का थांबली. मुलगी अनवाणी होती.

अक्काने स्वतःच्या चपला काढल्या, पट्टे कापून तिच्या मापाचे केले आणि ओळीत ठेवून दिल्या. स्वतः पुढच्या आठवडी बाजारापर्यंत अनवाणीच हिंडली. मुलगी बोलायची नाही, फक्त सकाळी उठून दाराशी यायची आणि चपला जागेवर आहेत ना ते बघून जायची.

पुढे तिला बालकल्याण समितीसमोर न्यायचं होतं. तिच्या अंगावरचे वळ सगळ्यांनी पाहिले होते, पण कुणी मारलं हे तिने सांगायला हवं होतं. ती गप्प राहिली तर चुलता तिला परत घेऊन जाईल, ही आमची धास्ती. तो तिथे आधीच येऊन बसला होता, मांडीवर नव्या सँडलचा खोका.

"रुसून आलंय लेकरू, दुसरं काय न्हाय," तो मला म्हणाला. मग तिला, "बघ, तुला आनलंय."

समितीच्या दाराशी मुलीने चपला काढल्या आणि तिथेच खिळली. आत पाय टाकेना. ती हळूच म्हणाली, "अक्का, तोंड कुनीकडं हाय?"

अक्का कण्हत खाली वाकली, तिचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. चपला फिरवून सरळ केल्या आणि शेजारीच बसकण मारली. "रस्त्याकडं. कवा बी ऊठ नि ये. मी हितंच हाय."

मी मुलीबरोबर आत गेले. तिचा आवाज मी पहिल्यांदा तिथे ऐकला. "चुलत्यानं पट्ट्यानं मारलं. लगीन कर म्हनला, न्हाय म्हनलं तर कोंडून घातलं. मला जायाचं न्हाय." सगळं बोलली, न अडखळता. मुलगी आमच्याकडेच राहिली आणि चुलत्याला पोलिसांनी बोलावून घेतलं. खोका बाकावरच राहून गेला.

परतताना रिक्षात अक्का म्हणाली, "सँडल बघितली मी. सोल काय बरं नव्हतं." मुलगी हसली. तेही पहिल्यांदाच.

गुडघ्यांनी अगदीच दगा दिल्यावर यंदा अक्काने काम सोडलं आणि लेकीकडे अक्कलकोटला जायचं ठरवलं. निरोपाला माढ्याची मुलगी खास रजा काढून आली; ती आता चिंचोळीला टॉवेलच्या कारखान्यात असते.

जेवणं झाली. अक्का दारात आली आणि थबकली. सगळ्या चपला रस्त्याकडे तोंड करून, तिच्या मात्र आत, आमच्या घराकडे.

"कुणी केलं गं हे?"

"मी," माढ्याची म्हणाली. "तू कुटं बी जा अक्का. तुज्या चपलांची तोंडं हिकडंच ऱ्हानार."

अक्का पायरी उतरली, वळली आणि आमच्याकडे तोंड करून चपलांत पाय घालू लागली. दोन साध्या चपला, पण घालायला तिला फार वेळ लागला.