मी ‘खरं आहे’ म्हणालो ते क्वांटम लॉकेट

चूक माझी होती. एटापल्लीच्या बाजारात ‘सगळे आजार बरे करणारं’ क्वांटम लॉकेट विकणाऱ्याने मला, फिजिक्सच्या मास्तरला, मंचावर बोलावलं आणि माईक पुढे धरला. "सर, एकच कण दोन ठिकाणी राहू शकते, खरं हाय ना?"

"खरं आहे," मी ऐटीत म्हणालो. लॉकेट म्हणजे नुसतं पितळ, हे मात्र बोललो नाही. टाळ्या गोड लागल्या होत्या.

महिन्याभराने माझी एक विद्यार्थिनी दवाखान्यात तळमळताना दिसली. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. आईने लॉकेट बांधून तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

त्या विक्रेत्याचा अजूनही संताप येतो. कण दोन ठिकाणी असतो म्हणजे नेमकं काय, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. त्याच गणितावर मोबाईलची चिप चालते. पण म्हणून गळ्यातलं पितळ आजार बरा करत नाही, हे मी अकरावीला शिकवणारा माणूस जाणत नव्हतो का?

"तुमीच तं खरं म्हनलं, सर," आई म्हणाली. "मंग मी काऊन नाई आयकू?"

मी खाली बसलो. "बाई, लॉकेट खोटं आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. मी गप्प बसलो. मला माफ करा."